म्हसोबाची खरी जागा

गिरणीवाली दैवशाला माणसं डब्यावरून ओळखायची. ज्याच्या डब्यात सात किलो ज्वारी आणि तोंडात ‘पाचच किलो हाय बघा’, तो लग्नाच्या पंगतीत पहिल्या रांगेत बसणार. ज्याच्या डब्याच्या झाकणाला सुतळीची गाठ, त्याच्या घरात एकमेकींवर भरवसा नसलेल्या दोन तरी सुना असणार. आणि जो रिकामा डबा ठेवून ‘दाणे मागून पाठवतो’ म्हणत निघून जातो, तो एक दिवस निवडणुकीला उभा राहणार. हे तिनं तातेरावांच्या बाबतीत आठ वर्षं आधीच सांगून ठेवलं होतं, आणि ते खरं निघालं. तातेराव आता नगरसेवक होते. दाणे अजूनही मागूनच यायचे.

तिच्या गिरणीत वजनकाट्याच्या वर, भिंतीवर, निळ्या तेलरंगात एक ओळ होती : ‘हा काटा दोन्हीकडं पन्नास ग्रॅम हलतो. कटकट करू नये.’

तातेराव ती वाचून दर वेळी हसत. “दैवशाला, आपल्याच काट्याची खोट आपणच भिंतीवर लिवायची? येडी का खुळी तू?”

“तात्या, खोट सगळ्याच काट्यात असती. माझी लिवलेली हाय, एवढंच.”

गंमत अशी, की ती ओळ लिहिल्यापासून पंधरा वर्षांत गिरणीत वजनावरून एकदाही भांडण झालं नव्हतं. लिहून ठेवलेल्या चुकीवर कुणी भांडत नाही. माणसं भांडतात ती दडवलेल्या चुकीवर.

कोळदरा हे अंबडकडच्या रस्त्यावरचं गाव. चार वर्षांपूर्वी तिथं नगरपंचायत झाली, आणि नगरपंचायत झाली म्हटल्यावर विकास आराखडा आला. कुठं घरं, कुठं बाजार, कुठं बगीचा, कुठून रस्ता, हे सगळं पुढच्या वीस वर्षांसाठी एका कागदावर. तो कागद एका सोमवारी सभागृहाच्या भिंतीवर लागला आणि खाली पाटी लागली : हरकती तीस दिवसांत द्याव्यात.

ही बातमी गिरणीत आणली हाशिमभाईंनी. त्यांचा गाद्यांचा कारखाना गिरणीच्या बरोबर समोर, रस्त्याच्या दक्षिणेला. केसात कापूस, मिशीत कापूस, बारा महिने माणूस हिवाळ्यातून उठून आल्यासारखा दिसायचा.

“भाभी, पट्टा काढा. गिरणी बंद करा जरा.”

“का? कोण गेलं?”

“कोणी न्हाई गेलं. तुमची गिरणी जाऊन राह्यली.”

सभागृहात नकाशा भिंतभर होता. पिवळा, निळा, हिरवा, जांभळा. वाण्याच्या दुकानात शेवयांच्या पुड्या टांगाव्यात तसा. शेजारी टेबलावर एक चष्म्यातली पोरगी हरकतींची वही घेऊन बसली होती. तिचं नाव अर्पिता. आराखडा करणाऱ्या एजन्सीची ती नोकर. तीन दिवस लोकांच्या शिव्या ऐकून तिचा चेहरा उतू गेलेल्या दुधासारखा झाला होता.

“ताई, ही लाल रेघ कशाची?” दैवशालानं विचारलं.

“अठरा मीटरचा रस्ता, मावशी. त्याची ही कड, आणि ही दुसरी.”

“अन् माझी गिरणी? पूर्वेला, लिंबाजवळ.”

अर्पितानं बोट ठेवलं.

“हितं तर नुसती रेघ हाय.”

“रेघेखाली,” अर्पिता हळूच म्हणाली.

दैवशालानं नाक नकाशाला लावलं. मग सवयीनं, डब्यात हात घालून पीठ जाडं की बारीक हे बघावं तसं, तिनं रेघेवरून अंगठा फिरवला. “ही रेघ किती जाड हाय?”

हा प्रश्न तीन दिवसांत कुणी विचारला नव्हता. अर्पितानं पट्टी लावली. “अर्धा मिलिमीटर असेल. म्हणजे जमिनीवर…” तिनं मनात गुणाकार केला. “दोन मीटर.”

“म्हंजे साडेसहा फूट. माझी गिरणी चौदा फूट रुंद. निम्मी तर तुमच्या शाईनंच खाल्ली की गं!”

अर्पिताला हसू आलं, आणि हसल्याचं भानही लगेच आलं.

“अन् मला एक सांग,” दैवशाला म्हणाली, “आमचा रस्ता हाय की तिथं. डांबरी हाय, त्याच्यावरून एष्टी जाती. त्यो सोडून तुमचा रस्ता माझ्या जात्यातून का?”

अर्पितानं समजावलं. गावाचा निजामाच्या वेळचा जुना नकाशा होता. तो उपग्रहाच्या फोटोवर बसवायचा. बसवायला चार पक्क्या खुणा धरल्या, चादरीच्या चार कोपऱ्यांना टाचण्या लावाव्यात तशा. वेशीचा बुरूज, बारव, पुलाचा खांब आणि पूर्वेला शिवेचा दगड. चादर बसली, पण पूर्वेला आजचा रस्ता जुन्या शिवरस्त्याशी जुळेना. पासष्ट फुटांचा फरक आला. “आम्ही धरलं की लोकांनी अतिक्रमण करत करत रस्ता सरकवला असेल. म्हणून नवा रस्ता जुन्या शिवेवर घेतला.”

“शिवेचा दगड? कुठला?”

“तोच की, तुमच्या गिरणीमागचा. लिंबाखाली. शेंदूर लावलेला.” अर्पितानं फायलीतला फॉर्म काढला. “मोजणीच्या मुलांनी खात्री केलीय. इथं लिहिलंय बघा : ‘दगड पूर्वापार मूळ जागी असल्याचे स्थानिक महिलेने सांगितले.’”

दैवशालाच्या तोंडचं पाणी पळालं.

स्थानिक महिला ती स्वतःच होती.

त्याचं असं झालं होतं. एकवीस वर्षांपूर्वी रस्ता डांबरी झाला तेव्हा यंत्रानं शिवेचा दगड उपटून बाजूला टाकला. तो रस्त्यात आडवा. येणारा जाणारा ठेचकाळायचा. तेव्हा दैवशाला, तिचा नवरा धर्मराज आणि हाशिमभाई, तिघांनी तो हातगाडीवर घातला आणि गिरणीमागं लिंबाखाली नेऊन टाकला. दोन वर्षं दैवशालानं त्याच्यावर गोधड्या धुतल्या. मग एका अमावस्येला कुणीतरी त्याला शेंदूर लावला. शेंदूर लावलेल्या दगडावर गोधडी धुवायची कुणाची छाती? पुढं तातेरावांनी ओटा बांधला, ओट्यावर आपलं नाव घातलं, आणि दगडाचा म्हसोबा झाला.

देव झाला म्हटल्यावर तो जुना असायला हवा. एकवीस वर्षांच्या देवाला नवस कोण बोलणार? त्यामुळं गेल्या वर्षी दोन पोरं काठीवरचं यंत्र घेऊन आली आणि त्यांनी विचारलं, “हा दगड इथंच होता का पहिल्यापासून?” तेव्हा सगळी गल्ली एका सुरात बोलली. तातेराव म्हणाले, “अनादि काळापासून.” दैवशालानं तर त्या पोरांना बूट काढायला लावले, चहा पाजला आणि छाती पुढं काढून सांगितलं, “माझ्या आजेसासूच्या बी आधीपास्नं.”

पोरांनी लिहून घेतलं. चादरीला टाचणी लागली. वाकडी.

संध्याकाळी ती रस्ता ओलांडून हाशिमभाईंच्या कारखान्यात गेली आणि सगळं सांगितलं. ते बराच वेळ सुईत दोरा ओवत राहिले. दोरा केव्हाच ओवला गेला होता.

“भाभी, तुमी खरं सांगून टाकलं, तर ती रेघ तुमच्यावरून उठंल. पन उठून कुठं बसंल, ठावूक हाय ना?”

“ठावूक हाय. तुमच्यावर. दगड तुमच्याच बाजूला होता.”

“मंग?”

“मंग काय? दगड तुमच्याच हातगाडीवर नेल्ता. साक्षीला चला.”

हाशिमभाई हसले, पण ओठाच्या एकाच बाजूनं. “वा भाभी! दोर बी आपला, गाठ बी आपली, अन् गळा बी आपलाच.”

“बरं, ते जाऊ द्या. दगड आधी नेमका कुठं होता, आठवतंय?”

“आठवतंय म्हंजे? आब्बाच्या दुकानाच्या, म्हंजे ह्याच कारखान्याच्या पायरीजवळ. बिलकुल.”

“पायरी? अहो, इजेच्या खांबाजवळ होता.”

“खांब तर मागून आला, भाभी.”

“खांब मागून आला, पन जिथं आला तिथंच दगड होता!”

दोघं बाहेर आले. पायरी आणि खांब यांच्यामध्ये दैवशालानं पावलं टाकली. पंधरा फूट. आणि दोघंही आपापल्या जागी शपथेवर ठाम.

सुनावणीच्या दिवशी ती निळं लुगडं नेसून गेली. समितीचे प्रमुख कुलथे साहेब मधल्या खुर्चीत, उजवीकडं नगरसेवक म्हणून तातेराव, कोपऱ्यात संगणक घेऊन अर्पिता. दीडशे हरकती होत्या आणि जेवणाआधी सत्तर उरकायच्या होत्या.

“बोला मावशी. हरकत थोडक्यात.”

“साहेब, तुमच्या फॉर्मातली स्थानिक महिला मीच. दगड इथंच होता म्हणून मी खोटं बोलले. त्यो दगड आम्ही हलवला. माझा गुन्हा लिवून घ्या.”

तातेराव उसळले. “म्हसोबाला हलवला म्हंती! अगं, जागृत हाय त्यो. जिभेला किडे पडतील!”

“पडू द्या. पन आधी लिवू द्या.”

कुलथे साहेबांनी पेन खाली ठेवलं. माणूस वाईट नव्हता. त्यांना तारीख होती. दगड हलला असं लिहिलं की पूर्वेकडचा अख्खा कोपरा हलतो. तिकडं चारशे घरं. मग पुन्हा मोजणी, पुन्हा मुदत, पुन्हा वरून फोन. “मावशी, एकवीस वर्षांपूर्वीच्या आठवणीवर नकाशे बदलत नसतात. तुमची गिरणी जातेय, मला वाईट वाटतं. समजू शकतो.” आणि त्यांनी वहीत लिहिलं : ‘हरकत भावनिक स्वरूपाची. अमान्य.’

दैवशालानं ते उलटं वाचलं. गिऱ्हाइकाकडं तोंड केलेला काटा उलटा वाचायची सवय तिला होतीच.

“भावनिक? साहेब, मी काय रडले का? मी फूट सांगितले.”

“पुढची हरकत,” शिपाई ओरडला.

दुसऱ्या दिवशी गल्लीत बातमी फिरली, की दैवशाला म्हसोबाला खोटा म्हणाली. बायकांनी डबे दुसऱ्या गिरणीवर न्यायला सुरुवात केली. आठ दिवस तिची गिरणी इतकी गप्प होती, की चिमण्या आत येऊन जात्यावर बसल्या. हाशिमभाईंच्या घरचा तेवढा डबा रोज यायचा, तोही अर्धा. रोज एवढ्या पिठाच्या भाकरी त्या घरात कोण खातं, हे तिनं विचारलं नाही.

नवव्या दिवशी तिनं पट्टा काढला, एष्टी धरली आणि तालुक्याला भूमापनाच्या कचेरीत गेली. अर्ज तिनं स्वतः लिहिला होता : ‘मी, दैवशाला धर्मराज, राहणार कोळदरा, हिने शिवेची सरकारी खूण विनापरवाना हलविली आहे. तरी माझ्यावर कारवाई व्हावी ही विनंती.’

कारकुनानं अर्ज दोनदा वाचला. “बाई, कारवाई दुसऱ्यावर मागायची असते.”

“मला माझ्यावरच पायजे.”

“वेड लागलं का? दंड होईल.”

“होऊ द्या. शिक्का मारा आधी.”

तिनं एक हिशेब मनात पक्का केला होता. सरकार एक नसतं. सरकारला टेबलं असतात, आणि एका टेबलाला दुसऱ्याचं दुखणं माहीत नसतं. कुलथे साहेबांच्या टेबलाला दगड हललेला परवडत नव्हता. या टेबलाला दगडाशी कर्तव्य होतं, आराखड्याशी नव्हतं. आठवड्यात दोन माणसं आली. लिंबाखाली उभं राहून त्यांनी पंचनामा केला. हाशिमभाईंनी साक्षीला सही केली. करताना हात थोडा थांबला; दैवशालानं तो पाहिला आणि न पाहिल्यासारखं केलं.

नोटीस आली तेव्हा दैवशालानं ती लग्नपत्रिकेसारखी दोन्ही हातांत धरून वाचली. ‘…आपण शिवेची खूण तिच्या मूळ जागेवरून हलविल्याचे निष्पन्न झाले आहे…’ तिनं दंड भरला, नोटीस प्लास्टिकमध्ये घालून घेतली आणि फेरसुनावणीचा अर्ज टाकला.

या वेळी सभागृह भरलं होतं. काही देवासाठी आले होते, काही रस्त्यासाठी, आणि बरेचसे फुकटचा तमाशा बघायला. हाशिमभाई मागच्या भिंतीशी उभे होते, टोपी हातात घेऊन.

दैवशालानं नोटीस टेबलावर ठेवली. “साहेब, तुमी लिवलं ‘भावनिक’. सरकारनं लिवलं ‘निष्पन्न’. दोन्ही कागद एकाच फायलीत ऱ्हातील का?”

कुलथे साहेबांनी नोटीस वाचली. चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचली. मग ते हसले, आणि ते हसणं दैवशालाला आवडलं नाही. सात किलोला पाच किलो म्हणणारी माणसं तसं हसतात.

“शाबास मावशी. हरकत मान्य. अर्पिता, पूर्वेकडची रेघ पासष्ट फूट दक्षिणेला घे. मावशींची गिरणी सुटली.” त्यांनी वही वळवून पेन पुढं केलं. “इथं सही करा. विषय संपला.”

सभागृहात कुणीतरी टाळी वाजवली. अर्पितानं संगणकावर रेघ ओढली. भिंतीवरच्या पडद्यावर लाल पट्टा गिरणीवरून उठला, रस्ता ओलांडून गेला आणि गाद्यांच्या कारखान्यावर जाऊन बसला. मागं हाशिमभाईंनी टोपी डोक्यावर घातली. घरी निघालेला माणूस घालतो तशी.

पेन दैवशालाच्या हातात होतं. गिरणी सुटली होती. एक सही, आणि उद्यापासून जातं फिरणार, डबे परत येणार. तिनं पडद्याकडं पाहिलं. तिची गिरणी तिथं केवढी दिसत होती, गव्हातल्या खड्याएवढी.

“पासष्ट कुणी सांगितलं?” ती म्हणाली.

“म्हणजे?”

“दगड आत्ता कुठं हाय, ते तुमच्या यंत्राला ठावूक हाय. आधी कुठं होता, ते कुणाला ठावूक हाय? पासष्ट फूट म्हंजे तुमच्या रेघेतलं अन् आमच्या डांबरातलं अंतर. डांबर टाकणाऱ्यानं तरी कुठं नकाशा बघून टाकलं?” ती वळली. “हाशिमभाई! जाऊ नका. सांगा, दगड कुठं होता?”

हाशिमभाई दारात थांबले. खोटं बोलले असते तर कदाचित वाचले असते. “पायरीजवळ. आब्बाच्या.”

“अन् मी म्हंते, खांबाजवळ. झाले पंधरा फूट.”

“दोघं बी खोटं बोलून राह्यले!” तातेराव टेबलावर हात आपटून उठले. “ना पायरी, ना खांब! नालीच्या पलीकडं, गिरणीच्या अंगाला होता त्यो. मी सोता बसून बिड्या वढल्यात त्याच्यावर!”

लगेच कुणीतरी मागून म्हणालं, “तात्या, अनादि काळापासून ना?” आणि सभागृह असं हसलं की शिपाई आत आला. तातेराव उभेच राहिले. बसायचं कसं हे त्यांना सुचेना.

“नाली धरली तर पंचवीस फूट,” दैवशाला म्हणाली. हसू ओसरायची वाटही तिनं पाहिली नाही. “तीन माणसं, तीन जागा, अन् तिघं बी शपथ घ्यायला तयार. मंग साहेब, ही रेघ तुमी कशावर मारली?”

“बाई, रेघ कुठंतरी मारावीच लागते,” कुलथे साहेब आता चिडले होते. “नकाशात ‘माहीत नाही’ असा रंग नसतो.”

“नसंल तर करा! शेवयांएवढे रंग हायेत तुमच्याकडं, एक आणखी करा. काल माझ्यावर पक्की मारली, ती चुकली. आज त्यांच्यावर पक्की मारता. उद्या ती चुकली तर कारखाना पाडलेला माणूस काय नकाशा पांघरून झोपंल? ठावूक न्हाई ते ठावूक न्हाई म्हणून लिवा. माझ्या काट्याला लाज वाटत न्हाई, तुमच्या नकाशाला का वाटावी?”

तिनं पेन वहीवर आडवं ठेवलं. सही केली नाही.

तेव्हा कोपऱ्यातून आवाज आला. “सर, होतो तसा रंग.”

सगळ्यांनी अर्पिताकडं पाहिलं. तिचे कान लाल झाले होते, पण हात संगणकावर चालू होता. “रेघ जिथं जिथं येऊ शकते तो सगळा पट्टा तिरप्या रेघांनी दाखवायचा. त्यावर लिहायचं, ‘मोजणीनंतर निश्चित’. मोजणी शेजारच्या गावाच्या शिवेवरच्या दगडांवरून करायची, ते हललेले नाहीत ना हे आधी बघून. तोवर पट्ट्यातलं कुणाचंही बांधकाम पाडायचं नाही.” थोडं थांबून ती म्हणाली, “आम्ही हे आधीच करायला हवं होतं, सर. पासष्ट फुटांचा फरक मला तेव्हाच दिसला होता. मी त्याचा दोष रस्त्यावर ढकलला.”

“आणि तारीख?” कुलथे साहेब तिच्यावर खेकसले.

“तारीख तुमची हाय,” दैवशाला म्हणाली. “गिरणी माझी हाय. अन् निष्पन्न सरकारचं हाय. ते मी वर बी पाठवून देईन, मला एष्टी ठावूक झालीया आता.”

कुलथे साहेबांनी नोटिशीकडं पाहिलं, वहीकडं पाहिलं, घड्याळाकडं पाहिलं. मग ‘भावनिक’ हा शब्द त्यांनी स्वतःच्या हातानं खोडला. वर काय लिहिलं ते दैवशालानं उलटं वाचलं आणि मगच सही केली.

बाहेर आल्यावर हाशिमभाई तिच्या बरोबरीनं चालू लागले. रस्ता अर्धा ओलांडल्यावर ते थांबले. “सुटल्या होत्या ना भाभी तुमी. त्या पट्ट्यात परत कशाला आल्या?”

“तुमी पायरी म्हणला. नाली म्हणून सुटता आलं असतं की तुमाला.”

“नाली म्हणून कसं चालंल? पायरीजवळच होता.”

“खांबाजवळ,” दैवशाला म्हणाली.

महिन्यानं सुधारलेला नकाशा लागला. पूर्वेकडं तिरप्या रेघांचा एक करडा पट्टा होता, गिरणीपासून कारखान्याच्या मागच्या भिंतीपर्यंत, दोघंही आत. अर्पितानं दैवशालाला मुद्दाम बोलावून नेलं आणि खालचा कोपरा दाखवला. तिथं ठळक अक्षरांत छापलं होतं : ‘पूर्व भागातील रेघा दोन्हीकडे नव्वद फुटांपर्यंत हलू शकतात.’

दैवशालानं अंगठा फिरवून ती ओळ दोनदा वाचली.

“मावशी, ओळ तुमच्या भिंतीवरून घेतली. पासष्ट आणि पंचवीस, झाले नव्वद,” अर्पिता म्हणाली. “पुढचं वाक्य पण घालू का? कटकट करू नये?”

“न्हाई गं. ते काट्यासाठी हाय, पन्नास ग्रॅमसाठी.” दैवशालानं पदर खोचला. “नव्वद फुटांवर कटकट करावी, असं लिव.”